वाहक फरशी : न दिसणाऱ्या ठिणगीविरुद्ध पायाखालचा बंदोबस्त

महाबळेश्वरच्या पठारावरून निघालेला रस्ता प्रतापगडाच्या पायथ्याजवळून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरतो. सावित्री नदीही याच डोंगरात उगम पावून पोलादपूरवरून महाडकडे वाहत जाते. घाटमाथ्यावर वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि पायथ्याचे दोन्ही तालुके जून ते सप्टेंबर अक्षरशः ओलेचिंब असतात. अशा मुलखात कोरड्या हवेशी निगडित असलेल्या एका धोक्याचा विचार करावा लागावा, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु महाडजवळ, बिरवाडीच्या परिसरात, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली आणि रसायने व औषधांचे मूलघटक तयार करणारे कारखाने तेथे आले, तेव्हापासून हा प्रश्न या खोऱ्याचाही झाला आहे.

याच वसाहतीतील एका औषधी रसायनांच्या कारखान्यात ३ नोव्हेंबर २०२३ रोजी स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगार प्राणांस मुकले. ती दुर्घटना स्थिर विद्युतेमुळे घडली, असे येथे सुचवावयाचे नाही. मात्र ज्वालाग्राही द्रव्ये जेथे हाताळली जातात, तेथे आगीला एखादे क्षुल्लक निमित्तही पुरते आणि त्याची किंमत किती भयंकर असू शकते, हे त्या दिवशी सर्वांना दिसले. अशा निमित्तांपैकी काही डोळ्यांना दिसतात. पेटती काडी, वितळजोडाची ज्योत, तुटलेली विजेची तार यांविषयी सूचनाफलक लावता येतात. स्थिर विद्युत मात्र दिसत नाही, आणि पुष्कळदा जाणवतही नाही. ती माणसाच्या स्वतःच्या अंगावर साठते. तिला निरुपद्रवी वाट काढून देण्याचा एक महत्त्वाचा उपाय म्हणजे वाहक फरशी होय.

प्रभार साठतो कसा?

कोरड्या दिवशी प्लॅस्टिकचा कंगवा केसांवरून फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ नेला, तर ते त्याला चिकटतात, हा प्रयोग शाळेत सर्वांनीच केलेला असतो. दोन भिन्न पदार्थ एकमेकांना चिकटून विलग झाले की एकावर धन आणि दुसऱ्यावर ऋण विद्युतप्रभार राहतो. कारखान्यात हीच क्रिया दिवसभर चालू असते. कामगार चालतो तेव्हा बुटाचा तळ प्रत्येक पावलाला फरशीला टेकतो आणि सुटतो. भुकटी प्लॅस्टिकच्या पिशवीतून घसरते, द्रावक नळीतून वाहतो, यंत्राचा पट्टा कप्पीवरून फिरतो. या प्रत्येक ठिकाणी प्रभार निर्माण होतो.

प्रभार निर्माण होणे टाळता येत नाही. प्रश्न असतो तो साठण्याचा. जमिनीकडे जाण्याची वाट मोकळी असेल तर प्रभार निर्माण होताच वाहून जातो. वाट बंद असेल तर तो साठत राहतो आणि जवळ एखादी धातूची वस्तू येताच ठिणगीच्या रूपाने एकदम उडी घेतो.

न जाणवणारी ठिणगी

माणसाचे शरीर हे विद्युतप्रभार साठविणारे एक लहानसे पात्रच आहे. त्याची धारकता साधारणतः १५० पिकोफॅरड धरतात. कोरड्या हवेत, प्लॅस्टिकच्या तळाचे बूट घालून विद्युतरोधक फरशीवर चालणाऱ्या माणसाच्या अंगावर काही हजार व्होल्टचा विभव सहज निर्माण होतो. प्रभार अत्यल्प असल्याने माणसाला त्यापासून इजा होत नाही. दाराच्या कडीला हात लावताच बसणारा चटका एवढाच काय तो अनुभव येतो.

परंतु ज्वालाग्राही वाफेचे माप वेगळे असते. टोल्युइनसारख्या द्रावकाची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली असेल तर सुमारे ०.२५ मिलिज्यूल इतकी ऊर्जा तिला पेटवावयास पुरते. मिथेनॉलला त्याहूनही कमी, सुमारे ०.१४ मिलिज्यूल पुरते. आता माणसाच्या अंगावर २,००० व्होल्टचा विभव आहे असे समजले, तर त्याच्या शरीरात साठलेली ऊर्जा ०.३ मिलिज्यूल भरते. आणि सुमारे २,००० व्होल्टपर्यंतचे विसर्जन बहुतेक माणसांना जाणवतही नाही.

या दोन आकड्यांचा एकत्रित अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. ज्या ठिणगीने कामगाराच्या बोटाला मुंगी चावल्याइतकीही संवेदना होत नाही, ती द्रावकाची वाफ पेटवू शकते. “आम्हांला कधी चटका बसला नाही, म्हणजे येथे धोका नाही,” हा युक्तिवाद म्हणूनच निराधार ठरतो.

सारवलेली जमीन आणि चकचकीत फरशी

घाटातील एखाद्या घरात शेणाने सारवलेल्या जमिनीवर अनवाणी वावरणाऱ्या माणसाच्या अंगावर स्थिर विद्युत साठत नाही. मातीत ओल असते, तळपाय उघडा असतो, आणि शरीरातील प्रभार क्षणार्धात भूमीत जातो. साध्या उघड्या काँक्रीटची, थेट जमिनीवर घातलेली फरशीही पुष्कळदा याच प्रकारे काम देते.

कारखान्यात मात्र ही नैसर्गिक वाट दोन ठिकाणी बंद होते. आम्लांपासून व तेलांपासून संरक्षण व्हावे म्हणून काँक्रीटवर इपॉक्सीचा लेप देतात. असा साधा लेप स्वच्छ, गुळगुळीत आणि टिकाऊ असला तरी तो विद्युतरोधक असतो. दुसरीकडे कामगाराच्या पायात प्लॅस्टिकच्या किंवा साध्या रबराच्या तळाचे बूट येतात. सुधारणा म्हणून केलेल्या या दोन गोष्टींमुळे माणूस भूमीपासून तुटतो. नवी फरशी घातल्यानंतर जागा अधिक सुरक्षित झाली असे वाटते, तेव्हाच ती एका दृष्टीने अधिक धोक्याची झालेली असू शकते.

कोकणच्या दमट हवेवर भिस्त का ठेवू नये?

हवेतील आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर असली की बहुतेक पदार्थांच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा अतिशय पातळ थर जमतो आणि प्रभार झिरपून जातो. त्यामुळे कोकणात स्थिर विद्युतेचा प्रश्न नाही, असा समज आढळतो. तो तीन कारणांनी चुकीचा आहे.

पहिले कारण ऋतुमान. पाऊस सरल्यावर, विशेषतः फेब्रुवारी-मार्चमध्ये, घाटाकडून कोरडे व उष्ण वारे उतरतात. याच रायगड जिल्ह्यातील भिरा येथे मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. अशा दुपारी हवेतील आर्द्रता झपाट्याने खाली येते.

दुसरे कारण असे की कारखान्याच्या आतील हवा बाहेरच्या हवेसारखी नसते. औषधी भुकट्या ओलावा धरू नयेत म्हणून त्यांच्या खोल्यांतील हवा मुद्दाम कोरडी ठेवतात. वाळवणयंत्राच्या आसपास ती तशीही कोरडीच असते. बाहेर आंबेनळीत धबधबे कोसळत असतानाही आत उन्हाळ्याची स्थिती असू शकते.

तिसरे कारण प्लॅस्टिकचे. काही प्लॅस्टिके पाणी इतके झिडकारतात की दमट हवेतही त्यांच्यावर प्रभार टिकतो. पावसाळ्यात साधे गमबूट घालून थेट कामाच्या जागी आलेला कामगार बाहेरून भिजलेला असला, तरी कोरड्या खोलीत शिरल्यावर भूमीपासून तुटलेलाच राहतो.

फरशीची रचना

वाहक फरशीचे तत्त्व सोपे आहे. पृष्ठभागावर कोठेही पाऊल पडले तरी तेथून भूमीपर्यंत विद्युतेला अखंड मार्ग मिळाला पाहिजे. त्यासाठी इपॉक्सी, विनाइल किंवा रबर या मुळात रोधक असलेल्या पदार्थांत कार्बनची भुकटी अथवा तंतू मिसळतात. कार्बनचे कण एकमेकांना भिडून पदार्थाच्या आत सूक्ष्म वाटांचे जाळे तयार होते.

लेपाची फरशी थरांनी घालतात. प्रथम काँक्रीट कोरडे व स्वच्छ करून त्यावर प्राथमिक लेप देतात. त्यावर तांब्याच्या पातळ पट्ट्या ठराविक अंतरावर चिकटवून त्या भूसंपर्काच्या तारेला जोडतात. पट्ट्यांवर कार्बनयुक्त वाहक थर आणि शेवटी वापराचा वरचा थर येतो. विनाइलच्या लाद्या बसवावयाच्या असतील तर त्यांखालचा चिकटपदार्थही वाहकच असावा लागतो. लादी वाहक आणि चिकटपदार्थ साधा, असे झाल्यास सर्व खर्च वाया जातो. वरून पाहून हा दोष ओळखता येत नाही.

अशा फरशीचा वापर नवा नाही. दारूगोळा व स्फोटकांच्या कारखान्यांत तिची परंपरा जुनी आहे. स्फोटकांच्या सुरक्षेची देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. शस्त्रक्रियागृहांतही एके काळी वाहक फरशी आवश्यक मानली जाई, कारण ईथर व सायक्लोप्रोपेन ही भूल देण्याची द्रव्ये ज्वालाग्राही होती. १९५६ नंतर हॅलोथेनसारखी न पेटणारी द्रव्ये प्रचारात आली तशी तेथील गरज ओसरली. उलट इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या कारखान्यांत ती वाढली. तेथे प्रश्न आगीचा नसून सूक्ष्म घटक निकामी होण्याचा असतो.

रोध किती असावा?

फरशी जितकी अधिक वाहक तितकी चांगली, असे मात्र नाही. तिच्या विद्युतरोधाला दोन्ही बाजूंनी मर्यादा आहेत.

ज्वालाग्राही वाफ किंवा धूळ असण्याचा संभव आहे अशा जागी फरशीपासून भूमीपर्यंतचा रोध १० कोटी ओहमपेक्षा कमी असावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. हा आकडा ऐकण्यास प्रचंड वाटतो. विजेच्या दिव्याच्या दृष्टीने पाहिले तर एवढा रोध म्हणजे तारच तुटल्यासारखे आहे. परंतु स्थिर विद्युतेचा प्रवाह अतिशय क्षीण असतो. माणसाच्या हालचालीतून निर्माण होणारा प्रवाह साधारणतः अँपिअरच्या दहा लाखाव्या भागापेक्षा कमी असतो. तो १० कोटी ओहमच्या वाटेने वाहिला तर अंगावर १०० व्होल्टपेक्षा जास्त विभव टिकू शकत नाही. १०० व्होल्टला शरीरात साठणारी ऊर्जा टोल्युइनची वाफ पेटविण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या तीनशेव्या भागाहूनही कमी असते.

काळाच्या हिशेबानेही हेच दिसते. १० कोटी ओहमच्या वाटेने अंगावरील विभव सेकंदाच्या शंभराव्या भागाहून किंचित अधिक काळात सुमारे ३७ टक्क्यांवर उतरतो. रोध एक लाख कोटी ओहम असेल तर त्याच गोष्टीला अडीच मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात कामगार खोली ओलांडून यंत्रापर्यंत पोचलेला असतो.

खालची मर्यादा विजेच्या धक्क्यासाठी आहे. फरशी लोखंडी पत्र्यासारखी वाहक असेल आणि कामगाराचा हात २३० व्होल्टच्या उघड्या तारेला लागला, तर फरशीच प्राणघातक ठरेल. म्हणून जेथे विजेची उपकरणे आहेत तेथे रोध ५० हजार ओहमच्या खाली जाऊ देत नाहीत. एवढ्या रोधातून २३० व्होल्टचा प्रवाह पाच मिलिअँपिअरच्या आत राहतो. प्राथमिक स्फोटके अत्यल्प ऊर्जेने पेटतात. अशा ठिकाणी मात्र याहून अधिक वाहक फरशी लागते आणि मग विजेच्या धक्क्याविरुद्ध वेगळी तजवीज करावी लागते.

साखळी एका कडीने तुटते

फरशी ही एका साखळीची केवळ एक कडी आहे. माणूस, पायमोजा, बूट, फरशी, तांब्याची पट्टी, भूसंपर्काची तार आणि भूमी अशी ही साखळी आहे. उत्तम फरशीवर साध्या प्लॅस्टिकच्या तळाचे बूट घालून उभा राहिलेला माणूस फरशी नसल्यासारखाच असुरक्षित असतो. म्हणून प्रभार वाहून नेणारे बूट फरशीबरोबरच पुरविले पाहिजेत. बुटात जाड प्लॅस्टिकचा अस्तरतळ घालणे, बुटावर प्लॅस्टिकचे आवरण चढविणे, किंवा उभे राहण्यास आराम वाटतो म्हणून फरशीवर पुठ्ठा अथवा साधी रबरी चटई टाकणे, या साध्या गोष्टींनी साखळी तुटते. कंत्राटी किंवा रोजंदारीवर आलेल्या नव्या कामगाराला वेगळे बूट मिळाले नाहीत, तर धोका त्या एकट्यापुरता राहत नाही.

फरशीच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. भूमीशी जोडलेल्या माणसाच्या हातातील प्लॅस्टिकच्या पिशवीवरचा प्रभार फरशीतून निघून जात नाही, कारण पिशवीच विद्युतरोधक असते. धातूचे पिंप, गाळणी, नळ्या आणि नरसाळी यांना स्वतंत्र तारेने भूसंपर्क द्यावा लागतो. पिशवीतील भुकटी थेट द्रावकाच्या पात्रात ओतण्याचे काम विशेष धोक्याचे असून त्यासाठी पात्रातील हवा काढून नायट्रोजन भरणे, बंद मार्गाने भुकटी सोडणे असे उपाय योजतात. फरशी या उपायांना पूरक आहे, त्यांचा पर्याय नव्हे.

मोजणी आणि निगा

वाहक फरशी डोळ्यांनी तपासता येत नाही. ती मोजावीच लागते. सुमारे अडीच किलो वजनाचा, सपाट तळाचा धातूचा ठोकळा फरशीवर ठेवून त्याच्यापासून भूसंपर्काच्या टोकापर्यंतचा रोध विशिष्ट मापकाने मोजतात. खोलीत एकाच जागी मोजून भागत नाही. दारापाशी, यंत्राजवळ, कोपऱ्यात आणि जास्त वर्दळीच्या वाटेवर स्वतंत्र नोंदी घ्याव्या लागतात. फरशी नवी असताना केलेली नोंद जपून ठेवली तर पुढील वर्षांत होणारा बदल कळतो. मोजणी कोरड्या हवेच्या दिवसांत करणे अधिक उपयुक्त, कारण ऑगस्टमध्ये समाधानकारक वाटणारी फरशी मार्चमध्ये तशी राहीलच असे नाही. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. या खोऱ्यातील कारखान्यांनी वार्षिक मोजणीसाठी तोच सुमार निवडल्यास दोन्ही हेतू साधतील.

प्रवेशद्वाराशी बसविलेल्या लहान मापकावर कामगाराने बुटांसह उभे राहून बोट टेकविले की माणूस व बूट यांची कडी शाबूत आहे की नाही, हे काही क्षणांत समजते. पाळीच्या आरंभी हजेरीइतकीच ही तपासणी नित्याची व्हावी.

निगा राखण्यातही काही पथ्ये आहेत. चकाकीसाठी मेण किंवा साधे पॉलिश लावल्यास फरशीवर रोधक थर चढतो. सांडलेली राळ, वाळलेली भुकटी आणि तेल यांचाही तोच परिणाम होतो. खराब झालेला तुकडा साध्या इपॉक्सीने बुजविला तर तेवढी जागा बेटासारखी तुटते. जुलै २०२१ च्या महापुराने महाडकरांना पाण्याचा अनुभव दिलाच आहे. ज्या इमारतीत पाणी शिरून राहिले असेल, तेथील फरशीचा चिकटपदार्थ आणि तांब्याच्या जोडण्या पुन्हा तपासल्याशिवाय काम सुरू करणे योग्य नव्हे.

जबाबदारी कोणाची?

१९४८ च्या कारखाने अधिनियमातील ३७ व्या कलमाने ज्वालाग्राही धूळ, वायू व वाफ असलेल्या ठिकाणी ज्वलनाची सर्व संभाव्य कारणे दूर ठेवण्याचे किंवा परिणामकारकपणे बंदिस्त करण्याचे बंधन घातले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता, २०२० या कायद्यातही कामाचे ठिकाण धोक्यापासून मुक्त ठेवण्याची जबाबदारी नियोक्त्यावरच आहे. राज्यात कारखान्यांच्या तपासणीचे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते.

ग्रामपंचायतीचा कारखान्याच्या फरशीशी काय संबंध, असे काहींना वाटेल. रासायनिक अपघात (आणीबाणी नियोजन, सज्जता व प्रतिसाद) नियम, १९९६ अन्वये औद्योगिक क्षेत्रासाठी जो स्थानिक आपत्ती गट स्थापन होतो, त्यात उपविभागीय दंडाधिकारी, कारखाना निरीक्षक, गटविकास अधिकारी यांच्याबरोबर अपघातस्थळाला जवळच्या गावच्या सरपंचालाही स्थान आहे. अशा बैठकीत सरपंचाने अग्निशमनाच्या बंबाविषयी विचारावे हे ठीकच. त्याबरोबरच त्याने तीन साधे प्रश्न विचारण्यास हरकत नाही. ज्वालाग्राही द्रव्यांच्या खोल्यांतील फरशीची शेवटची मोजणी केव्हा झाली? कंत्राटी कामगारांनाही योग्य बूट मिळतात काय? पाळीच्या आरंभी त्यांची तपासणी होते काय? या प्रश्नांना तांत्रिक पदवीची आवश्यकता नाही. त्यांची उत्तरे मात्र नोंदवहीतूनच देता येतात.

शिक्षकांनाही या कामी मोठा वाटा उचलता येईल. कंगवा व कागदाचा प्रयोग जुलैत एकदा आणि फेब्रुवारीत एकदा करून दाखविला, तर आर्द्रतेचा परिणाम मुलांना स्वतः पाहता येईल. पोलादपूर-महाडच्या शाळांतून आज शिकणाऱ्या मुलांपैकी कित्येक जण उद्या याच वसाहतीत पाळीवर उभे राहतील. त्या वेळी वेगळे बूट घालण्याची सूचना त्यांना निरर्थक शिस्त वाटणार नाही, तिचे कारण त्यांना ठाऊक असेल.

वाहक फरशीचा खर्च साध्या फरशीहून अधिक असतो आणि तिने उत्पादनात भर पडलेली दिसत नाही. तिचे यश न घडलेल्या घटनेत असते, म्हणून ते हिशेबाच्या वहीत कोठेच उमटत नाही. परंतु सकाळी घाटातून उतरून पाळीवर गेलेला माणूस सायंकाळी सुखरूप घरी परततो, तेव्हा त्यात या फरशीचा आणि तिची वेळेवर मोजणी करणाऱ्या हातांचाही वाटा असतो.